लिलावाचा आकडा म्हणजे सोसायटीचा भाव नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वर्तमानपत्रात बँका आणि गृहवित्त कंपन्यांच्या लिलावाच्या जाहीर सूचना नियमित छापून येतात. कर्जदाराचे नाव, फ्लॅटचा पत्ता, राखीव किंमत, बयाणा रक्कम. ती पाने वाचून सोसायट्यांत जी चर्चा सुरू होते, तिच्याबद्दल हे पत्र आहे. सी विंगमधला फ्लॅट बँकेने ६६ लाखांना काढला, आता आपल्याला ८० कोण देणार, असा त्या चर्चेचा सूर असतो. ब्रोकर तेच कात्रण पुढे करून भाव पाडून मागतात आणि अडलेला विक्रेता मुकाट्याने मान्य करतो.

जप्तीतल्या घरामुळे शेजारच्या घरांचे भाव उतरतात हे खरे आहे. पण लिलावात आलेल्या किमतीचा त्यात वाटा थोडा. लिलावाआधी ते घर महिनोन्‌महिने कुलूपबंद आणि बेवारशी पडून राहते, मोठे नुकसान त्यामुळे होते. पहिला भाग आकडा नीट वाचला तर बराचसा टळतो. दुसऱ्यासाठी बँक आणि सोसायटी दोघांनाही काही साधी कामे वेळेवर करावी लागतात, आणि ती होत नाहीत.

आधी आकड्याचे पाहू. थकलेल्या कर्जापोटी तारण घर विकण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायदा, २००२ खालच्या नियमांनुसार बँकेचा प्राधिकृत अधिकारी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून अहवाल घेतो आणि त्यावरून राखीव किंमत ठरते. बऱ्याच अहवालांत तीन आकडे असतात: बाजारमूल्य, वसुलीयोग्य मूल्य आणि घाईच्या विक्रीचे मूल्य. पुढचे दोन अनेकदा पहिल्याचे ठरावीक टक्के लावून काढलेले असतात. राखीव किंमत बहुतेकदा या खालच्या आकड्यांच्या आसपास ठेवतात, म्हणजे सूचनेत छापलेला आकडा मुळातच बाजारभाव म्हणून काढलेला नसतो.

शिवाय लिलावात मिळते ती वस्तूही वेगळी असते. सूचनेत ‘जेथे आहे जसे आहे’, ‘जे आहे जसे आहे’ असे शब्द असतात. त्यांचा अर्थ पैशांत मोजू. समजा, नेहमीच्या व्यवहारात ८० लाखांना जाणारा दोन बेडरूमचा फ्लॅट लिलावात ६६ लाखांना गेला. त्याची देखभाल रक्कम महिना ४ हजार आणि ती ३० महिने थकलेली, म्हणजे व्याज धरून साधारण दीड लाख. मालमत्ता कराची थकबाकी ६० हजार. वीजबिलाची बाकी आणि मीटर पुन्हा सुरू करण्याचा खर्च ४० हजार. दोन पावसाळे बंद राहिलेल्या घराची गळती, फुगलेले दरवाजे, वायरिंग, काढून नेलेले नळ आणि ओट्याचे काम मिळून ५ लाख. ताबा प्रतीकात्मक, म्हणजे फक्त नोटीस डकवून कागदोपत्री घेतलेला, असेल तर घरात पाय ठेवायला आणखी वर्ष जाऊ शकते, आणि ६६ लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाचे व्याज ५ लाख ९४ हजार होते. एकूण बेरीज ७९ लाख ४४ हजार. मुद्रांक शुल्क दोन्ही प्रकारांत भरावे लागते म्हणून धरलेले नाही. ही गृहीत धरलेली उदाहरणे आहेत, प्रत्येक घराचे आकडे निराळे निघतील. पण ६६ आणि ८० मधली १४ लाखांची दरी कुठे जाते ते यावरून कळते. छापून येतात ते ६६ लाख. उरलेले साडेतेरा लाख खरेदीदार गुपचूप भरतो आणि त्याची नोंद कुठल्याही जाहिरातीत नसते.

बोली खाली राहण्याचे दुसरे कारण पैसे भरण्याच्या मुदतीत आहे. बयाणा साधारण राखीव किमतीच्या १० टक्के असतो. बोली मंजूर झाली की बयाण्यासह २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायची. बाकीची ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँक लेखी कबूल झाली तर ही मुदत वाढते, पण ३ महिन्यांच्या पुढे नाही. चुकले तर भरलेले पैसे जप्त. ६६ लाखांच्या फ्लॅटला उद्या साडेसोळा लाख आणि पंधरा दिवसांत साडेएकोणपन्नास लाख उभे करायचे. गृहकर्ज घेणाऱ्याच्या बँकेला टायटल तपासायला, तांत्रिक पाहणीला आणि मंजुरीला एवढा वेळ पुरत नाही, आणि सीलबंद फ्लॅटची पाहणी तर आतून होतच नाही. त्यामुळे ज्यांच्या हातात रोख आहे तेवढेच बोली लावतात. चार गिऱ्हाइकांत ठरलेल्या किमतीची तुलना चाळीस गिऱ्हाइकांच्या बाजाराशी करणे चुकीचे आहे. ताबा प्रत्यक्ष असेल, घर उघडून दाखवले असेल आणि थकबाकीचा आकडा स्पष्ट असेल, तर बोली चढते.

पहिल्या फेरीत कोणी आले नाही तर पुढच्या फेरीत अनेक बँका राखीव किंमत साधारण १० टक्क्यांनी उतरवतात. ६६ चे ५९ लाख ४० हजार, मग ५३ लाख ४६ हजार. दुसऱ्या वेळेला सूचना १५ दिवसांचीच लागते, त्यामुळे हे उतरते आकडे भराभर छापून येतात. यातल्या एकाही आकड्याला घर विकले गेलेले नसते. तरीही ब्रोकरच्या मोबाइलमध्ये तेच कात्रण ‘या सोसायटीचा चालू भाव’ म्हणून फिरते. राखीव किंमत ही बोली सुरू करण्याची पायरी आहे, विक्रीची किंमत नाही, हे विक्रेत्यांनी ठामपणे सांगायला हवे. ५३ लाखांना घेणाऱ्यालाही ती लॉटरी वाटू नये. मुद्रांकासाठी धरलेले सरकारी मूल्य खरेदी किमतीहून १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर आयकरात फरकाच्या रकमेचा प्रश्न उभा राहू शकतो. बोली लावण्याआधी सनदी लेखापालाकडून तेवढे पाहून घ्यावे.

शेजाऱ्याचा भाव खरोखर कागदावर उतरतो तो मूल्यांकनात. शेजारचा फ्लॅट घेणारा गृहकर्ज मागतो तेव्हा बँकेचा मूल्यांकनकार त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले गोषवारे, काढतो. त्यात अगदी वर ‘विलेखाचा प्रकार’ असतो, मग ‘मोबदला’, मग ‘बाजारभाव’. घाईत मोबदला तेवढा उचलला जातो. विलेखाचा प्रकार ‘विक्री प्रमाणपत्र’ (लिलावात घेतलेल्या घराचा दस्त) असेल, तर तो व्यवहार एकतर तुलनेतून वगळायचा, नाहीतर थकबाकी, दुरुस्ती आणि ताब्याचा खर्च त्यात मिळवून मग वापरायचा. मी स्वतः मूल्यांकनकार आहे, आणि माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हे पाळलेच पाहिजे. घर विकणाऱ्यानेही कर्ज कमी मंजूर झाल्याचे कळताच गिऱ्हाइकामार्फत अहवालातले तुलनेचे व्यवहार मागवावेत. त्यात विक्री प्रमाणपत्राचा व्यवहार धरलेला दिसला तर फेरमूल्यांकनाची मागणी लेखी करावी. तोंडी तक्रारीने आकडा बदलत नाही.

आता दुसऱ्या, माझ्या मते जास्त गंभीर भागाकडे येतो. या विषयावर सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाला आहे, कारण तिथे २००७ नंतर अशी घरे लाखोंनी बँकांच्या नावावर आली. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सुमारे वीस वर्षांच्या व्यवहारांवर कॅम्पबेल, जिग्लिओ आणि पाठक यांनी केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जप्तीतले घर स्वतः सरासरी २७ टक्के कमी किमतीला गेले. शेजारच्या घरावर, म्हणजे सुमारे ८० मीटरवरच्या घरावर, परिणाम झाला साधारण १ टक्का. सत्तावीस कुठे आणि एक कुठे! तिथल्या फेडरल रिझर्व्ह आणि गृहकर्जे विकत घेणारी संस्था फॅनी मे यांच्याशी संबंधित अभ्यासकांनी पुढे असे दाखवले की शेजारच्या किमतींवर हप्ते थकल्यापासूनच परिणाम दिसू लागतो, जप्तीची प्रक्रिया पूर्ण व्हायच्या आधी तो सर्वांत जास्त असतो आणि नंतर ओसरतो. त्यांनी दिलेले कारण असे, की घर जाणारच आहे म्हटल्यावर मालक त्यावर खर्च करायचे थांबवतो.

आपल्याकडे रचना वेगळी आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. तिथे बँक रीतसर मालक होते आणि मग घर विकते. इथे विक्री पूर्ण होईपर्यंत मालकी कर्जदाराचीच राहते. बँकेकडे असतो तो ताबा आणि विकण्याचा अधिकार. बोली न आल्यास बँक स्वतः बोली लावून घर घेऊ शकते, पण असे घर तिला साधारण सात वर्षांच्या आत विकावे लागते आणि बँका त्या वाटेला क्वचितच जातात. परिणामी आपल्याकडच्या जप्तीच्या घराला मधल्या काळात कोणीच वाली नसतो. कर्जदार म्हणतो बँकेने सील केले, बँक म्हणते आम्ही मालक नाही.

हा मधला काळ किती? हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होते. मग सरफेसीच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, त्याला ३० दिवस, कारणे नोंदवून ६० पर्यंत. विक्रीची ३० दिवसांची सूचना. पैसे भरायला १५ दिवस. सगळे वेळेवर झाले तरी २२५ दिवस, म्हणजे साडेसात महिने. प्रत्यक्षात कलम १७ खाली कर्जदार ऋण वसुली न्यायाधिकरणात जातो, तहसीलदाराला तारीख मिळत नाही, पोलीस बंदोबस्त मिळत नाही, लिलावाला बोली येत नाही, आणि दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. (पतसंस्थांची वसुली सहकार कायद्याच्या कलम १०१ चा दाखला आणि नियम १०७ यांनी होते. तिचा क्रम निराळा, म्हणून ती इथे घेतलेली नाही.)

या काळात इमारतीचे काय होते ते पाहा. चाळीस फ्लॅटची सोसायटी, महिना ४ हजारांप्रमाणे १ लाख ६० हजार जमा. चार फ्लॅट थकले की महिन्याला १६ हजारांची तूट, दोन वर्षांत ३ लाख ८४ हजारांची. तेवढ्यात बाहेरचा रंग किंवा गच्चीचे वॉटरप्रूफिंग पुढे ढकलले जाते, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार स्वस्तातल्या माणसाकडे जातो, सिंकिंग फंड मोडला जातो. घर बघायला आलेल्या माणसाला सी विंगच्या लिलावाची खबर नसली तरी ओल आलेला जिना आणि बंद लिफ्ट दिसतेच. भाव तिथे उतरतो. शंभर-दीडशे फ्लॅटच्या संकुलात एखादे घर लिलावात निघाले तर हा परिणाम जवळपास जाणवत नाही. वीस घरांच्या इमारतीत तीन निघाली, किंवा बिल्डरच्या कर्जापोटी एकाच प्रकल्पातले दहा-बारा फ्लॅट एकदम विक्रीला आले, तर गोष्ट वेगळी. तिथे पुरवठाच वाढलेला असतो आणि ते संपेपर्यंत नेहमीच्या विक्रेत्याने सहा महिने-वर्ष थांबणेच शहाणपणाचे.

सीलबंद फ्लॅट आतून कसा खराब होतो, हे फार कमी समित्यांना माहीत असते. नहाणी ट्रॅपमध्ये थोडे पाणी साठून राहिलेले असते आणि तेच ड्रेनेजचा वास अडवते. घर बंद राहिले की काही आठवड्यांत ते सुकते, मग वास आणि झुरळे मजल्यावर पसरतात. गच्चीवरच्या टाकीकडून येणाऱ्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि एखादा नळ किंवा फ्लशची टाकी गळू लागली, तर पाणी आधी खालच्या घराच्या छताला दिसते आणि तोवर स्लॅबची सळई गंजू लागलेली असते. खिडकीची सरकती काच अर्धी उघडी राहिली तर एका पावसाळ्यात फर्निचर, दरवाजे आणि स्विचबोर्ड जातात. म्हणून प्रत्यक्ष ताबा घेण्याच्या दिवशी सोसायटीच्या सचिवाने हजर राहावे आणि सील लागण्याआधी पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, एमसीबी आणि गॅसचा कॉक बंद करून घ्यावा, खिडक्या लावाव्यात, नहाणीच्या जाळ्यांवर प्लास्टिक टाकून टेप मारावी, फोटो काढावेत आणि हे सगळे पंचनाम्यात लिहून घ्यावे. एवढे काम अर्ध्या तासाचे आहे. नंतर गळती सुरू झालीच, तर समितीने स्वतः सील तोडू नये. ताब्याच्या नोटिशीवर प्राधिकृत अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्याला लेखी कळवून त्याच्या उपस्थितीत दार उघडून घ्यावे. मे महिन्यात एकदा असे पत्र पाठवून पावसाळ्यापूर्वी पाहणी मागणे उत्तम.

थकबाकीचे काम तर याहून सोपे आणि याहून दुर्लक्षित. विक्रीच्या सूचनेत मालमत्तेचे वर्णन देताना धनकोला माहीत असलेले बोजे नमूद करावेत, असे सरफेसीखालचा नियम ८ सांगतो. आपल्या पानांवरच्या सूचना पाहा: त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘ज्ञात नाही’ असे असते. बँकेला माहीत नसते कारण ती विचारत नाही, आणि सोसायटी आपण होऊन कळवत नाही. ताब्याची नोटीस दारावर डकवली जाते त्याच आठवड्यात सोसायटीने प्राधिकृत अधिकाऱ्याला नोंदणीकृत टपालाने थकबाकीचा उतारा पाठवावा: मुद्दल किती, व्याज किती, कोणत्या तारखेपर्यंत, पुढे दरमहा किती वाढणार. पोच जपून ठेवावी. सोसायटीची बाकी कायद्याच्या भाषेत बोजा ठरते की नाही यावर वकील वाद घालतील. पण लेखी कळवलेली रक्कम नंतर ‘ज्ञात नाही’ म्हणून छापणे बँकेला जड जाते, आणि आकडा समोर असला की बोली लावणारा भीतीपोटी जास्त वजावट धरत नाही. दीड लाखाची बाकी माहीत असेल तर माणूस दीड लाख वजा करतो, माहीत नसेल तर चार. त्याच सुमारास सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखल्याचा अर्जही करून ठेवावा.

कर्जदारासाठीही थोडे लिहितो, कारण शेजाऱ्यांचे आणि त्याचे हित इथे एकच आहे. २०१६ मधल्या दुरुस्तीनंतर सरफेसीच्या कलम १३(८) प्रमाणे सगळी बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात ते स्पष्ट केले. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्याला उशीर झालेला असतो. हप्ते पेलवणार नाहीत असे दिसले की ६० दिवसांच्या नोटिशीच्या काळातच घर स्वतः विकायला काढावे. बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते पत्र) आणि ताब्यातल्या मूळ कागदपत्रांची यादी घ्यावी. खरेदीदाराची बँक तेवढ्या रकमेचा डीडी थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या नावे काढते, मूळ कागद तिच्याकडे जातात आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला मिळते. अशा विक्रीत ७७-७८ लाख मिळाले तरी लिलावापेक्षा दहा लाखांहून अधिक हाती राहतात, घर बंद पडत नाही आणि इंडेक्स टूवर साधा विक्री करार येतो. सोसायटीने अशा सदस्याला ना हरकत दाखल्यासाठी खेटे घालायला लावणे म्हणजे स्वतःच्याच इमारतीचा भाव पाडणे. थकबाकी विक्रीच्या रकमेतून वळती करण्याचे लेखी घ्यावे आणि दाखला आठवड्याभरात द्यावा.

बँकांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. प्रत्यक्ष ताबा नसताना लिलाव काढण्याची घाई टाळावी. पाहणीसाठी एका दिवसाचे दोन तास न देता किमान दोन शनिवार-रविवार घर उघडे ठेवावे. गृहकर्जावर घेणाऱ्यांसाठी तीन महिन्यांपर्यंतची मुदत देण्याची तयारी सूचनेतच जाहीर करावी, नंतर विनवण्या केल्यावर नव्हे. ती नियमात बसते. सरकारी बँकांची घरे आता बँकनेट या एकाच पोर्टलवर दिसतात, तिथे आतले फोटो टाकायला काहीच अडचण नसावी.

आणि एक विनंती आपल्याकडे. या सूचना आपल्या पानांवर जाहिरात म्हणून येतात, त्यांचा मजकूर बँक ठरवते, हे मान्य आहे. परंतु जाहिरात विभागाने बँकांना एक ठरावीक तक्ता सुचवला, ज्यात ताबा प्रतीकात्मक की प्रत्यक्ष, चटई क्षेत्र किती, सोसायटीची आणि मालमत्ता कराची बाकी कोणत्या तारखेला किती, लिलावाची ही कितवी फेरी आणि पाहणीच्या तारखा कोणत्या एवढे रकाने असतील, तर बऱ्याच बँका तो वापरतील. सूचनांच्या पानाच्या वर ‘राखीव किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे’ ही एक ओळ छापणेही आपल्या हातात आहे.

आपला विश्वासू,
एक मालमत्ता मूल्यांकनकार